भरती-ओहोटीचा तास

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात प्रा. जयवंत तेंडोलकर भूगोल शिकवत, असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात ते भूगोल सांगत आणि मुलं तो लिहून घेत. वीसेक वर्षांत त्यांनी या कामाला असा काही वेग आणून दिला होता की कितीही मठ्ठ पोरगं मागे पडत नसे आणि कितीही हुशार पोरगं पुढे जात नसे. विरामचिन्हंसुद्धा ते सांगत. "व्यापारी वारे स्वल्पविराम ज्यांना पूर्वी फार महत्त्व होते स्वल्पविराम ते आजही वाहतात पूर्णविराम. नवा परिच्छेद." वर्गात पंख्याचा आणि पेनांचा तेवढा आवाज. शेजारच्या वर्गात अर्थशास्त्रावरून दंगल चालू असायची, त्यामुळे पाहुणे आले की प्राचार्य त्यांना तेंडोलकरांच्या दारावरून फिरवून आणत.

माणूस वेंगुर्ल्याकडचा, वडील लालबागला गिरणीत. घरातला पहिला पदवीधर. लिहून घेतलेलं ते शिक्षण आणि न लिहिलेलं त्या गप्पा, अशी त्यांच्या डोक्यात स्वच्छ विभागणी होती. गप्पा ते स्टाफरूममध्ये मारत, आणि झकास मारत. खाडीत होडी कशी उलटली हे सांगताना त्यांनी एकदा दोन खुर्च्या आणि संस्कृतच्या बाई यांचा वापर केला होता. बाईंनी तक्रार केली नाही, एवढी ती होडी खरी वाटली होती. पण घंटा झाली की ते उठत, नोट्सचा गठ्ठा काखेत मारत आणि चेहरा पुसून टाकल्यासारखा करून वर्गावर जात.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला नवे नियम आले. पुढची श्रेणी हवी, बढती हवी, तर प्राध्यापकाने आधी स्वतः प्रशिक्षण घ्यायचं. नेमके त्याच वर्षी भूगोलाचे विभागप्रमुख निवृत्त होत होते. मागे उरत होते दोघे. एक तेंडोलकर, दुसऱ्या मृणालिनी ओक. ओकबाई तेंडोलकरांच्याच विद्यार्थिनी, त्यांच्याच नोट्स घेऊन पहिल्या आलेल्या आणि आता त्याच पुढे सांगणाऱ्या. फरक एवढाच की त्यांनी कोर्स आधीच उरकला होता.

प्राचार्य विद्याधर केळुसकरांनी बोलावून घेतलं.

"जयवंतराव, तुम्ही सीनियर आहात हे मला माहीत आहे. विद्यापीठाला माहीत नाही. मे महिन्यात अंधेरीला कोर्स आहे, करून टाका. नाहीतर जूनपासून रजेच्या अर्जावर ओकबाईंची सही घ्यावी लागेल."

"सर, माझ्या विद्यार्थिनीची?"

"म्हणजे तुम्ही चांगलं शिकवलंत ना! नाराज काय होता?"

घरी प्रेमावहिनींनी गावाला जायच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिकवूक शिकूक जातास? मगे इतकी वर्सा काय करत होतास?" वहिनी मुलांना घेऊन आंबे खायला गेल्या. सर अंधेरीला गेले.

कॉलेजने मलाही पाठवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं समोर पाहिलेलं आहे. उपनगरांतून जमलेले तीस-पस्तीस प्राध्यापक, एक लांबट हॉल, आणि व्यवस्थेला डॉ. शुभा नाडकर्णी. कोर्सची भाषा इंग्रजी होती, चहाची मराठी आणि तक्रारींची हिंदी. व्याख्यान ही पद्धत कशी कालबाह्य झाली आहे यावर आम्हाला पहिला आठवडाभर व्याख्यानं दिली गेली. एका तज्ज्ञांनी विद्यार्थ्यांच्या नजरेला नजर देण्याचं महत्त्व कागदात बघून वाचून दाखवलं. मागच्या रांगेतले दोघे घोरत होते. तिसरा त्यांची हजेरी लावत होता. एवढ्या वर्षांत विद्यार्थ्यांकडून जे जे शिकले होते ते प्राध्यापक मंडळींनी अजिबात वाया घालवलं नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात होती. प्रत्येकाने आपापल्या वर्गाच्या भाषेत सात मिनिटं शिकवून दाखवायचं, बाकीचे विद्यार्थी. मग चुका ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घ्यायचा. नियम एकच, हातात कागद नाही.

"वाट लागली," तेंडोलकर मला चहाच्या रांगेत म्हणाले.

"अहो, तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"तेच रे. पाठ आहे."

त्यांनी विषय घेतला भरती-ओहोटी. रिकाम्या हातांनी उभे राहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"चंद्राच्या आकर्षणामुळे स्वल्पविराम समुद्राच्या पाण्याची पातळी स्वल्पविराम ठरावीक काळाने वाढते व कमी होते पूर्णविराम."

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. खिशांतून पेनं निघाली. चकाट्या पिटणारे गप्प झाले, घोरणारे जागे झाले आणि तीस-पस्तीस प्राध्यापक माना खाली घालून लिहू लागले. आम्ही सगळे असल्याच वर्गांत वाढलो होतो, तो सूर कानावर पडला की हात आपोआप चालतो. मी स्वतः समास आखला. डॉ. नाडकर्णी मूल्यमापनाच्या कागदावर 'नवा परिच्छेद'पर्यंत पोचल्या तेव्हा त्यांना काय चाललंय ते कळलं, आणि त्यांनी घाईघाईने घंटी वाजवली.

"सर, तुम्ही आज काय केलंत?"

"भरती-ओहोटी."

"ती तुम्ही सांगितलीत. शिकवलीत कधी?"

तेंडोलकर गोंधळले. तेवढ्यात घाटकोपरचे एक वाणिज्यवाले हात वर करून म्हणाले, "सर, 'गुरुत्वीय' नंतरचं परत सांगता का? राहिलं माझं."

दुसऱ्या दिवशी डॉ. नाडकर्णींनी उपाय केला. पाठ सुरू व्हायच्या आधी त्या चहाचा ट्रे घेऊन रांगांमधून फिरल्या आणि सगळ्यांची पेनं काढून घेतली. हॉलमध्ये एकदम उघड्यावर बसल्यासारखं वाटायला लागलं. तेंडोलकर समोर आले, "चंद्राच्या आकर्षणामुळे स्वल्पविराम" म्हणाले आणि थांबले. कुणीच लिहीत नव्हतं. पस्तीस जण त्यांच्याकडे नुसते बघत होते.

रिकाम्या हातांचा माणूस विचार करायला लागतो. हा धोका तेंडोलकरांनी वीस वर्षं टाळला होता. मालाडच्या सुलक्षणा मांजरेकर, विषय रसायनशास्त्र, यांनी हात वर केला.

"सर, ओहोटीला पाणी जातं कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे वर्सोव्याला दुपारी होड्या चिखलात बसलेल्या असतात ना. एवढं पाणी गेलं कुठे? कुणी प्यायलं?"

हॉल हसला. तेंडोलकर हसले नाहीत. त्यांना आयुष्यात वर्गात कुणी प्रश्न विचारला नव्हता. विचारणार कधी, हात मोकळे कुठे होते? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच नोट्समध्ये, दुसऱ्या परिच्छेदात होतं. पण त्या नोट्स त्यांनी फक्त सांगितल्या होत्या, कधी ऐकल्या नव्हत्या. ते पुटपुटत मनातल्या मनात ओळी फिरवत राहिले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा मी ओळखत होतो, तो स्टाफरूममधला होता. मी माझी खुर्ची घट्ट धरली.

"मांजरेकरबाई, उठा. सगळेच उठा. तुम्ही पाणी."

"आम्ही?"

"तुम्ही अरबी समुद्र. मी चंद्र." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "मी खिडकीकडे चाललो. या माझ्या मागे. ओढ लागलीय तुम्हाला, चला! खुर्च्यांसकट!"

पस्तीस वजनदार माणसं खुर्च्या फरफटत खिडकीकडे लोटली. "आता दाराकडे बघा. काय आहे?"

"काही नाही," वाणिज्यवाले म्हणाले. "माझी चप्पल आहे."

"ती वर्सोव्याची होडी! चिखलात बसली. पाणी आटलं का?"

"नाही हो, आम्ही इकडे आलो ना!" सुलक्षणाबाई ओरडल्या. "पाणी सरकलं! तिकडे ओहोटी म्हणजे इकडे भरती!"

चंद्र दाराकडे निघाला, समुद्र त्याच्यामागे. घंटी वाजली ती कुणी ऐकली नाही. पुन्हा वाजली. कुणीतरी विचारलं, "पण सर, भरती दिवसातून दोनदा येते, मग दुसरी?" तेंडोलकर धापा टाकत म्हणाले, "दुसरी पुढच्या तासाला. या चंद्राला आता दम लागलाय."

प्रमाणपत्रावर श्रेणी 'ब' मिळाली. शेरा होता, 'वेळेचे भान नाही.' तेंडोलकरांचं तोंड उतरलं, कारण ओकबाईंना 'अ' होती. पण प्राचार्यांनी तो कागद नुसता उलटसुलट करून पाहिला. "श्रेणी कोण वाचतो? शिक्का आहे ना? झालात तुम्ही प्रमुख."

वहिनींना गावी तार गेली.

जूनमध्ये नवं वेळापत्रक आलं आणि तेंडोलकर ते हातात घेऊन थेट प्राचार्यांकडे गेले.

"सर, माझा एफ.वाय.चा वर्ग?"

"ओकबाईंकडे. प्रमुखाला बैठका असतात, अहवाल असतात. तुम्हाला टी.वाय. दिलाय. चार मुलं आहेत, त्यातली दोन येतात."

"चार मुलांत समुद्र कसा करायचा?"

"काय करायचा?"

"सर, मला एफ.वाय.च पाहिजे."

"जयवंतराव, हे चांगलं शिकवल्याचं बक्षीस आहे. चांगलं शिकवणाऱ्याला शिकवण्यातून मोकळं करतात. नाहीतर सुधारणा कशी होणार?"

तेंडोलकरांनी वेळापत्रकाची घडी घालून ती प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "प्रमुख ओकबाईंना करा. 'अ' श्रेणी आहे त्यांची."

"अहो, मग रजेच्या अर्जावर सही—"

"घेईन. मी कुठे रजा घेतो?"

घरचा प्रसंग इतका सोपा नव्हता. वहिनी गावाहून सकाळीच आल्या होत्या. "अख्ख्या गावात सांगान इलंय मी! देवळात नारळ फोडलंय! आता काय सांगू, घोव शिकान इलो आणि खाली उतारलो?" सरांनी त्यांना समजवायला चंद्राची गोष्ट काढली. वहिनींनी त्यांच्या हातात नारळ आणि खवणी दिली.

ओकबाई प्रमुख झाल्या. कॉलेजात जागा थोडी, म्हणून त्यांची खोली एफ.वाय.च्या वर्गाच्या बरोबर खाली काढली. जुलैत एके दिवशी दुसऱ्या तासाला वरून गडगडाट सुरू झाला. दीडशे पोरं बाकांसकट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे लोटत होती. पाच मिनिटांत शिपाई काशीराम धावत वर आला.

"सर, काय चाललंय काय? बाईंच्या टेबलावर चुना पडतोय नुसता!"

तेंडोलकर खिडकीपाशी घाम पुसत उभे होते.

"बाईंना म्हणावं, टेबल थोडं दक्षिणेला घ्या," ते म्हणाले. "दुसरी भरती अजून व्हायचीय."