ओल्यावर ओला रंग

कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली की बाकीचे लोक मोबाइल काढायचे आणि मी तोंडातल्या तोंडात चित्रकलेचं इंग्रजी पुटपुटत बसायचो. हॅचिंग. क्रॉस-हॅचिंग. स्टिपलिंग. शेजारी बसणारा आमच्याच लाइनवरचा माणूस एकदा म्हणाला, "भावा, जप चाललाय का?" मी म्हटलं, "हो, सुटकेचा." तो हसला. मी काही विनोद केला नव्हता.

मी मूळचा परभणीकडचा. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केलेला. शिक्षक भरती निघेपर्यंत हाताला काहीतरी काम असावं म्हणून भोसरीत आलो, भाड्यानं खोली घेतली, लग्न केलं आणि चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात, रंगाच्या विभागात चिकटलो. चिकटलो तो चिकटलोच. भरती कधी निघायची, कधी कोर्टात जायची, कधी तिचं काय व्हायचं, देव जाणे. गावाकडचे लोक म्हणायचे, तुला निदान रंगात तरी काम मिळालं. म्हणणाऱ्याचं काय जातंय!

रंगात म्हणजे कुठं, तर बोगद्यात. रंग मारून, भट्टीतून भाजून निघालेली गाडीची नुसती बॉडी आमच्यासमोर येते. तिला चाकं नाहीत, काचा नाहीत, काही नाही. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर ट्यूबलाइटच ट्यूबलाइट. आत सावली औषधालाही सापडत नाही. बाहेर ऊन आहे की आभाळ भरलंय, हे शिफ्ट सुटल्यावर कळतं. अंगात चेनचा पांढरा सूट, डोक्याला टोपी. डोक्याला तेल लावायचं नाही, अंगावर सेंट मारायचा नाही, कारण त्याचा अंश जरी उडाला तरी पलीकडच्या ओल्या रंगाला खड्डे पडतात. या बोगद्यात उभं राहून बॉडीवर तिरकी नजर टाकायची, खराबी दिसली की मेणाच्या पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल काढायचा आणि बॉडी पुढं जाऊ द्यायची. पुढचे लोक तो गोल बघतात आणि तिथं घासतात. माझं काम एवढंच. चुकीला गोल.

या खराब्यांना सगळी इंग्रजी नावं. रन म्हणजे रंगाचा ओघळ. सॅग म्हणजे रंग जड होऊन खाली लोंबलेला. ऑरेंज पील म्हणजे संत्र्याच्या सालीसारखी पुरळ आलेली. क्रेटर म्हणजे खड्डा. माझं इंग्रजी इतकंच होतं, पण तेवढं एकदम पक्कं.

आणि ही नजर बोगद्यात ठेवून घरी येता येत नाही, हे मला उशिरा कळलं. लग्नाला गेलो की सजवलेल्या गाडीचं बॉनेट तिरकं होऊन बघायचो. भिंतीला पापुद्रा सुटलेला दिसायचा, समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. दिवाळीला बायको नवीन साडी नेसून समोर उभी राहिली आणि माझी नजर गेली ती सरळ तिच्या साडीच्या फॉलवर. ती म्हणाली, "नीट बघा की ओ एकदा."

"बघतोय की."

"तुम्ही बघत न्हाई. तपासताय."

खोटं बोलली असती तर भांडलो तरी असतो.

मोशीकडच्या एका शाळेची जाहिरात तिनंच आणली. ती घरी ब्लाउज शिवते. तिच्याकडं येणाऱ्या एका बाईनं मोबाइलवर पाठवली होती. मोठमोठ्या सोसायट्यांना लागून असलेली इंग्रजी शाळा, आर्ट अँड क्राफ्टचा शिक्षक पाहिजे. अट एकच मोठी. सगळ्या टेक्निक मुलांना इंग्रजीतून समजावता आल्या पाहिजेत.

मी म्हटलं, "जमणार नाही. आमचं सगळं शिक्षण मराठीतून."

"शब्दच आहेत ना ओ?" ती म्हणाली. "शब्द पाठ होतात. मी घेते तुमचे पाठ करून."

आणि खरंच घेतले. मशीनवर बसून ती एका हातानं मोबाइल धरायची आणि विचारायची. मी पहिल्या शिफ्टवरून येऊन, चहा पिऊन, खांबासारखा समोर उभा.

"आप्लिक म्हणजे काय?"

"कापडाचा तुकडा आकारात कापून दुसऱ्या कापडावर शिवणे."

"म्हणजे ठिगळच की."

"ठिगळ कसं? ते शोभेचं असतं."

"मग शोभेचं ठिगळ. पुढं. पेपिए-माशे?"

"कागदाचा लगदा करून त्याच्या वस्तू बनवणे."

"आमची आत्या मेथ्या वाटून घालायची त्यात. टोपलीला कीड लागत न्हाई. तिला कुणी सांगितलं न्हाई बिचारीला, की ती माशे करतीय."

मला मात्र हसू यायचं नाही, डोकं फिरायचं. अरे, जे हातानं इतकी वर्षं करत आलो, त्याची परक्या भाषेतली बारशी मी कशाला जेवत बसू? डेकूपाज, क्विलिंग, एम्बॉसिंग, ग्लेझिंग. जिभेला पीळ पडायचा. एकदा तर मी तिच्यावरच ओरडलो. तिनं मोबाइल खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "बोगद्यातच राहायचं असंल तर तसं सांगा. मी पाठ घेणं बंद करते." मी पुन्हा उभा राहिलो. कारण ते मलाही स्वच्छ दिसत होतं. ही शाळा हुकली तर मी त्या ट्यूबलाइटखालीच म्हातारा होणार होतो. डोळे जातील तेव्हा बाहेर काढतील, त्याआधी नाही.

हळूहळू शब्द बसत गेले. खरं सांगतो, काही तर आवडायलाही लागले. बसमध्ये अडकलेलो असताना स्टिपलिंग म्हटलं की बारीक बारीक ठिपक्यांनी भरत आलेला कागद डोळ्यांसमोर यायचा आणि पुढची ट्रकची रांग विसरायला व्हायचं.

शाळेनं डेमो लेसनला बोलावलं. विषय त्यांनीच दिला, वेट-ऑन-वेट. म्हणजे कागद आधी ओला करायचा, त्या ओल्यावर ओला रंग सोडायचा आणि रंगाला त्याच्या मनानं पसरू द्यायचं. जलरंगातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. डिप्लोमाला असताना मी असली कितीतरी आभाळं केली होती. बायको म्हणाली, बघा, तुमच्यासाठीच काढलाय विषय.

शिफ्ट बदलून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो. चौथीचा वर्ग. मुख्याध्यापिका मॅडम मागच्या बाकावर बसल्या. बोलायला लागलो आणि शब्द असे धडाधड यायला लागले की माझा मलाच अचंबा वाटला. फर्स्ट वेट द पेपर. ड्रॉप द कलर. डोन्ट पुश. लेट इट फ्लो. मॅडम मान डोलवत होत्या. पोरं कामाला लागली. संध्याकाळचं आभाळ काढायचं होतं. मी बाकांच्या मधून फिरायला लागलो. मनात म्हटलं, झालं, सुटलो.

पहिल्या रांगेत एक मुलगी होती, दोन वेण्यांची. तिनं कागद चांगला चिंब केला होता. निळ्यावर तिनं नारिंगी सोडला आणि तो एका जागी जोर करून खालपर्यंत लांब ओघळत गेला. मी वाकलो. कागद उचलून खिडकीच्या उजेडाला तिरका धरला. तिच्या बाकावर लाल खडू होता, तो उचलला आणि त्या ओघळाभोवती गोल काढला.

"रन," मी मोठ्यानं म्हणालो.

कोपऱ्यात रंग साचला होता. तिथं दुसरा गोल. "सॅग." कागद खाली ठेवला, पुढचा उचलला. तिरका धरला. गोल. पुढचा. गोल. काय सांगू, माझं मला भानच नव्हतं. हात चालू झाला होता. लाइनवर जसा चालतो तसाच, त्याच वेगानं. वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, पोरं शिस्तीची आहेत.

रांग संपली तेव्हा मी मागं वळून बघितलं. रांगभर संध्याकाळची आभाळं आणि प्रत्येक आभाळात लाल गोल. ती मुलगी रुमालाचं टोक ओलं करून तिच्या गोलातला नारिंगी घासत होती. अगदी नेटानं. कागदाची लव सुटली होती, मधोमध भोक पडायला आलं होतं. गोल दिसला की तिथं घासायचं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तो ओघळ म्हणजे त्या वर्गात त्या दिवशी झालेलं सगळ्यात सुंदर काम होतं. मी जे इंग्रजीतून समजावलं होतं, ते एकट्या तिला जमलं होतं. मला तिला तसं सांगायचं होतं. ब्युटिफुल हा शब्द कुणाला येत नाही? पण टेक्निकच्या शब्दांत तो नव्हता, मी तो पाठ केला नव्हता, आणि ऐन वेळी तो तोंडात आलाच नाही. मी मराठीतच म्हणालो, "अगं, राहू दे, राहू दे. चांगलं झालंय."

तिनं आधी गोलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "देन व्हाय डिड यू सर्कल इट, सर?"

मी तिचा लाल खडू तिच्या बाकावर परत ठेवला.

मॅडम फार सभ्य बाई. दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "सर, तुमची व्होकॅब्युलरी खरंच छान आहे. आम्ही कळवतो." कळवलं नाही. कळवणार नाहीत हे मला फाटकाबाहेर पडण्याआधीच कळलं होतं.

घरी आलो तर बायको मशीनवर. तिनं नुसतं तोंड वर करून बघितलं. मी म्हटलं, "शब्द सगळे आले." आणि मला रडू कोसळलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलं हमसून रडलो. ती उठून आली, बाजूला बसली. म्हणाली, "दुसरी शाळा बघू. अजून अर्ज भरू."

"शब्द अजून पाठ करीन गं," मी म्हटलं. "पण हा हात कुठं ठेवून जाऊ?"

माझा तो हात तिनं आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

बसमधल्या त्या सोबत्यानं कंपनीत सगळीकडं सांगितलं होतं, आपला माणूस इंग्रजी शिकतोय. ते सुपरवायझरच्या कानावर गेलं. आमच्याकडं आता नवीन ट्रेनी पोरी येतात, आयटीआय केलेल्या, कुणी लातूरची, कुणी रत्नागिरीची. त्यांना खराब्यांची नावं शिकवायला माणूस पाहिजे होता. सुपरवायझर म्हणाला, "भाऊ, तुझं इंग्रजी लय सुधारलंय म्हणतात. आणि तू तर शिक्षकाचाच कोर्स केलाय राव. घे ना तूच." नाही म्हणायला मला कारण सापडेना.

तर आता मी शिकवतो. बोगद्यात, ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या सुटातला वर्ग माझ्यासमोर उभा असतो. त्या मला सर म्हणतात. मी कुठं वाकायचं, नजर कशी तिरकी टाकायची, सगळं समजावतो. एकेक नाव घेतो, खराबी दाखवतो, त्यांच्याकडून म्हणून घेतो. सुपरवायझर म्हणतो, तुझ्यासारखं कुणी शिकवत नाही. खरंही असेल. मनापासून शिकवतो मी.

परवा त्यातली लातूरची मुलगी म्हणाली, "सर, खराबीची नावं सगळी झाली. पण एखादी बॉडी एकदम चांगली आली, तर तिला काय म्हणायचं?"

मी थांबलो. लाइन चालू होती, बॉडी समोरून सरकत होती, तरी थांबलो.

"काही म्हणायचं नाही," मी म्हणालो. "तिला हात लावायचा नाही. ती आपोआप पुढं जाते."

तिनं मान हलवली, पेन्सिल घेतली आणि पुढच्या बॉडीवर वाकली. पोरगी हुशार आहे. महिन्याभरात तिची नजर तयार होईल.