अडीचशे ग्रॅमचं कडं

१९७४ सालच्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे दहा. बोली अठराशे रुपयांवर थांबलेली. तालमीच्या ओट्यावर आम्ही चौघं: कडं विकणाऱ्या काकू, म्हणजे वारलेल्या पैलवानाची बायको, त्यांना सांभाळणारा पुतण्या, बोली लावणारे यंत्रमागवाले मालक, आणि पंच म्हणून मी. खाली पेठेतली चाळीसेक माणसं.

मी बाजारात वजनकाट्यावर नोकरीला, म्हणून पंच. आमच्या तालमीचा रिवाज असा, की जुनी गदा, कडं, फेटा, काहीही लिलावाला निघालं तर पंचानं ती वस्तू पारखायची, वजन मोठ्यानं सांगायचं आणि मगच बोलीचा तिसरा वार, म्हणजे सौदा पक्का. हे चांदीचं कडं पैलवानानं स्वातंत्र्याच्या आधी जत्रेच्या कुस्तीत जिंकलेलं. त्याच्या पैशांतून मिरजेला काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा.

आदल्या संध्याकाळी पुतण्या माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. उंबऱ्यावर एक पाय ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमची पोरगी सायकलीवर शाळंला जाती न्हवं? पुलाखालनं? लई गर्दी असती तितं. जपा." मग हसला. "उद्या काटा तेवढा नीट धरा."

पुढं दोन वर्षं मुलीला मीच शाळेत सोडलं.

सोनाराकडून आणलेल्या तराजूत मी कडं ठेवलं. दुसऱ्या पारड्यात दोनशेचं वजन आणि पन्नासचं. काटा मधोमध उभा राहिला. पुन्हा केलं, तेच.

जुन्या काळी बक्षीस तोळ्यांत जाहीर व्हायचं: वीस तोळे, पंचवीस तोळे. ग्रॅमची वजनं आमच्या बाजारात आली ती स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी. अडीचशे ग्रॅम म्हणजे एकवीस तोळे आणि वर पाच मासे. असलं बक्षीस कोण बोलतं? शिवाय पैलवानानं ते वर्षानुवर्षं हातात घातलेलं. झिजलेली चांदी अशी पुऱ्या आकड्यावर येऊन थांबत नाही. कडं अलीकडचं होतं, काळं करून आणलेलं.

मी ते काकूंच्या हातात दिलं. "काकू, हेच का?"

त्यांनी आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला. पुतण्या पाठीशी उभा होता, हात त्यांच्या खांद्यावर. त्याची बोटं खांद्यात रुतलेली मला दिसत होती.

"त्येच हाय," काकू म्हणाल्या. "त्येंचंच हाय की." आणि अंगठा पदराला पुसला.

खालून कुणीतरी ओरडलं, "अवो अण्णा, वजन बोला की! का चांदी शिजत घातलीया?" सगळे हसले.

"काकू बोलली न्हवं?" पुतण्या म्हणाला. "मारा तिसरा वार."

"वजन अडीचशे ग्रॅम," मी म्हणालो. "आणि हे कडं त्या काळचं नाही." मग तोळ्यांचा हिशेब सांगितला.

हसणं बंद झालं. मालक साठीचे होते. त्यांनी कडं उचलून परत खाली ठेवलं. "वीस तोळ्यांचं होतं. जत्रेत जाहीर झालं तेव्हा मी मातीत बसून ऐकलेलं आहे." मग पुतण्याला विचारलं, "खरं कुठं आहे रे?"

पुतण्या माझ्याकडे बघत राहिला.

"मी पैलवानाच्या कड्याला अठराशे बोललो होतो," मालक म्हणाले. "चांदीला चांदीचा भाव." त्या दिवसाच्या भावानं तीनशे होत होते. ते मोजून त्यांनी काकूंच्या मुठीत दिले आणि कडं घेऊन निघाले. माणसं पांगली. काट्याची वजनं गोळा करायला मी वाकलो, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "कशाला बोललास रं बाबा? मला त्येच्याच घरात ऱ्हायाचं हाय."

पुतण्यानं त्यांच्या खांद्यावरचा हात काढून पुढं केला, उघडा.

बोली अठराशेची, दिले गेले तीनशे. ते मालकांनी काकूंना दिले, आणि ओटा उतरायच्या आधी काकूंनी पुतण्याला.