गिटारवर शिजणारा भात

रविवार, ९ मार्च. जेवणं आटोपल्यावर मी भाताचं पातेलं घासत होते. बुडाला काळा थर धरला होता आणि तारेची घासणी त्याला दाद देत नव्हती. लागोपाठ तिसऱ्या रविवारी भात लागला होता. एरवी माझा भात कधी लागत नाही. तांदूळ तोच, गॅस तोच, पातेलंही तेच. बदललं असेल तर माझं डोकं, असं धरून मी रक्ताच्या तपासण्या करून घ्यायचंही ठरवलं होतं.

घासता घासता लक्षात आलं, की घर फार शांत आहे. हॉलमध्ये नवरा पेपर वाचत बसला होता, आणि त्यांचं ते गिटारचं वाजत नव्हतं. मागच्या रविवारीही वाजलं नव्हतं, त्याच्या मागच्याही. मी नळ बंद केला. माझं डोकं ठीक होतं. माझं घड्याळ बंद पडलं होतं.

हे जरा सांगायला हवं. नवऱ्याकडे एक जुना परदेशी अल्बम आहे. जॅझ आणि रॉक यांचं एकत्र वादन. गिटार, ड्रम आणि मागे आणखी काही वाद्यं. शब्द एकही नाही. कॉलेजात असताना हॉस्टेलमधल्या मित्राने त्यांना कॅसेट भरून दिली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो अल्बम लागतो. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेन ड्राइव्ह झाला, पण अल्बम तोच. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रविवारी मीही शहाण्यासारखी शेजारी बसले. बराच वेळ वाट पाहून विचारलं, "गाणारा कधी येतो?"

"यात गाणारा नाहीये."

"का? आजारी होता का?"

आमच्या घरातली संगीतावरची चर्चा तिथेच संपली. सासूबाई करकंब गावच्या. त्या यायच्या तेव्हा पायरीवर बसून शेंगा फोडता फोडता म्हणायच्या, "लई येळ झाला की गं, अजून सूरच लावत्यात!" माझ्या बाजूने घरात एक तरी माणूस आहे, याचं मला समाधान वाटायचं.

पण आवाजाचा मला त्रास मात्र झाला नाही. माझं माहेर यंत्रमागांच्या शेजारचं. खडखडाटात अभ्यास केलेला, खडखडाटात झोपलेली. असा आवाज चालू असला, की मी तो ऐकत नाही, वापरते. आमच्याकडे कुकरचा भात कुणाला चालत नाही, मोकळा पातेल्यातलाच लागतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मी ते काम अल्बमवर सोपवलं होतं. पहिली दणदणाटी चीज संपली, की तांदूळ वैरायचे. दुसरीत ड्रम अचानक थांबतो, तेव्हा कणीक मळून झाकायची. तिसरीच्या शेवटी सगळे दमून गप्प होतात आणि काचेच्या बांगड्या ताटलीत ठेवाव्यात तशी एक बारीक किणकिण येते. तेव्हा गॅस बंद. त्या परदेशी माणसांना कल्पना नसेल, पण त्यांनी कोलम तांदळाचा अंदाज अगदी बरोबर घेतला होता.

आता हे बंद का पडलं? तर नवऱ्याचं म्हणणं, पेन ड्राइव्हवर भरताना मुलाने वरचे सूर घालवले. "ती शेवटची किणकिण म्हणजे त्या अल्बमचा जीव होता. नेमकी तीच गेली." मुलगा पुण्यात असतो. त्याने बिचाऱ्याने पुन्हा भरून पाठवलं. तेही यांना तसंच वाटलं. मग फोनवर, "एक काम धड होत नाही तुझ्याच्याने," आणि तिकडून, "बाबा, मग तुमचं तुम्ही बघा." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

कान तपासून घ्या, असं मी दहादा सांगितलं होतं. कुकरच्या शिट्ट्या यांना ऐकू येत नाहीत, दाराची बेल येत नाही. गेल्या महिन्यात कोपऱ्यावर एक मोटारसायकलवाला मागून हॉर्न मारत अंगावर आला. मी दंड धरून ओढलं म्हणून हे वाचले. त्याने जाता जाता दिलेली शिवीही यांना ऐकू आली नाही, तेवढं बरं झालं. पण यांचं ठरलेलं उत्तर, "कान उत्तम आहेत. हल्ली लोकच पुटपुटतात." आणि मी फारच मागे लागले की, "तुला त्यातलं काय कळतं?"

ते खरंही होतं.

पण आता जळकं पातेलं हातात धरून उभी असताना वाटलं, अगदीच खरं नाही. मी हात पुसले, मेथीची जुडी आणि ताट घेतलं आणि हॉलमध्ये जाऊन बसले. रिकाम्या हातांनी संगीत ऐकत बसण्याइतकी मी सुसंस्कृत नाही.

"अहो, तुमचं ते लावा."

त्यांनी पेपर खाली केला. "काय काम काढलंस?"

"काम नाही. ऐकायचंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावतील. पण लावलं. पहिली चीज धडधडत गेली. दुसरी सुरू झाली तशी मी मेथी निवडत म्हटलं, "आता ढोल थांबेल."

"ड्रम."

"थांबेल ना पण?"

थांबला. ते सावरून बसले.

"आता गिटारवाला वर चढेल आणि तिथेच अडकून बसेल. मागचा एक जण त्याला खाली बोलावेल, पण तो काही लगेच येणार नाही."

तसंच झालं. नवरा आता स्पीकरकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मला, खोटं कशाला बोलू, चढलं थोडं. जन्मभर हेच करत असल्यासारखी मी मानही डोलावली. ती चुकीच्या जागी डोलली असणार, कारण ते किंचित हसले.

तिसरीचा शेवट आला. ते मान तिरकी करून स्पीकरकडे झुकले. वाद्यं एकेक करून गप्प झाली. मग ती किणकिण आली, स्वच्छ, नेहमीसारखी. माझा हात मेथीच्या काडीसकट वर गेला.

"आता."

"आता काय?"

"आता माझा गॅस बंद होतो."

"काहीच वाजत नाहीये. बघ, कापलंय त्याने."

"वाजतंय. अजून वाजतंय. संपलं."

त्यांनी उठून तो भाग मागे नेला आणि पुन्हा लावला. माझा हात पुन्हा वर गेला. मग आवाज इतका वाढवला, की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खुर्ची सरकवली. तिसऱ्या वेळी ते स्पीकरकडे बघतच नव्हते. माझ्या हातातल्या काडीकडे बघत होते, आणि ती वर गेली तशी त्यांनी मान खाली घातली.

मग म्हणाले, "इतकी वर्षं तू ऐकत होतीस?"

"मी भात करत होते."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण मी वाद घातला नाही. मेथी निवडून झाली होती. संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. मी आत असले तरी ऐकू येत होतं, कारण हल्ली ते ओरडूनच बोलतात. "तुझी फाईल ठीक आहे रे. आईने तपासली." मग जरा थांबून, "हो, तुझ्याच आईने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि कानाच्या डॉक्टरांकडे फोन करून यांचा नंबर लावला. सोमवारी अल्बम लागत नाही. पण भात करायचा होता, आणि लागलेलं पातेलं पुन्हा घासायची माझी तयारी नव्हती, म्हणून तो मीच लावला. नवरा शर्टाची बटणं लावत स्पीकरपाशी येऊन उभा राहिला.

"वाजलं का ते?"

"अजून नाही."

तिसरी चीज संपत आली तशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "आता" म्हटलं. किणकिण पूर्ण संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.

मग करपल्याचा वास आला. मी पातेलं पाण्यात भिजत टाकलं आणि स्कूटी बाहेर काढली.