मैना छाप, पहिली पिढी

चौलच्या महिपत साळवीला ‘घरात माणसं किती’ असं विचारलं तर ‘दोन’ एवढंच उत्तर यायचं. ‘गाड्या किती’ असं विचारलं, की मात्र तो खुर्ची पुढे ओढायचा, बायकोला चहा टाकायला सांगायचा आणि गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली काचेच्या कपाटाची चावी बनियनमधून बाहेर काढायचा. कपाटात वीत-वीत लांबीच्या एकशे चौदा लाल बसगाड्या होत्या. सगळ्या एकाच कारखान्याच्या, मागच्या काचेखाली चिमुकली मैना छापलेल्या.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला हा माणूस. त्याची बायको तुळसा म्हणायची, “दिवसभर मोठ्या गाडीच्या खाली, नि घरी आले की बारक्या गाडीच्या पुढ्यात. मला कवा बघितलंय?” यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

मैना छाप बस साठेक वर्षं निघते आहे. महिपतनं तिच्या पाच पिढ्या पाडल्या होत्या, आणि त्या समजावून सांगताना त्याला घड्याळाचं भान राहत नसे. पाचवी, म्हणजे आत्ताची, बॅटरीवर चालते, दिवे लावते, गाणं म्हणते आणि पंधरा दिवसांत मुकी होते. चौथी ओतीव धातूची, वजनदार, रबरी टायरची, दार उघडणारी. दिसायला देखणी, पण स्टिकर आपणच चिकटवायचे, म्हणजे अर्धं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. तिसरी निव्वळ प्लास्टिकची. तिच्या खिडक्या काळ्या रंगवलेल्या, गाडीत माणूसच नाही. “ही पिढी डेपोतनं सुटलीच न्हाय,” असं म्हणून महिपत नाक मुरडायचा. दुसरी पत्र्याची, जमिनीवर घासून सोडली की धावणारी. तिच्या खिडक्यांत माणसं आहेत, पण तीच तीन आलटून पालटून बसवलेली.

आणि पहिली? पहिलीला चावी. पत्रा जाड. आठ खिडक्यांत आठ वेगळी माणसं: टोपीवाले म्हातारबा, कोंबडी काखोटीला मारलेला इसम, दोन वेण्यांची शाळकरी पोर, असं करत करत अगदी शेवटच्या खिडकीत तोंडावर पदर धरलेली, गाडी लागलेली बाई. कारखान्यातल्या कुणा भल्या माणसानं घाटातून एसटीनं प्रवास केला होता, याला आणखी पुरावा नको.

ती बाई महिपतकडे नव्हती. पहिली पिढीच त्याच्याकडे नव्हती. वीस वर्षांपूर्वी दादरच्या एका संग्राहकानं ती दोन मिनिटं त्याच्या हातात दिली होती. लोक गाडी तोंडाकडून बघतात. महिपतनं सवयीनं आधी उलटी केली. खाली, मागच्या चाकांजवळ, बारीक आकड्याला अडकवलेली रुपयाएवढी स्टेपनी होती. पुढच्या एकाही पिढीला स्टेपनी नाही. हे आख्ख्या रायगड जिल्ह्यात आपल्याला एकट्याला ठाऊक आहे, या आनंदावर त्यानं वीस वर्षं काढली.

मग दादूला नाद लागला.

दादू रेवदंड्याचा पेंटर. होड्यांवर नावं आणि लॉजवर पाट्या रंगवायचा. फ्लेक्सनं पाट्या खाल्ल्या, होड्या आणि एखाददुसरी पाटी तेवढी उरली. तीन वर्षांपूर्वी महिपतचं कपाट पाहून तो वेडा झाला. महिपतनंच उदार मनानं त्याला डबल असलेल्या दोन गाड्या दिल्या, पिढ्या शिकवल्या. पहिलीची माणसं आणि स्टेपनी तेवढी स्वतःपाशी ठेवली. शिष्य मिळाल्याचं सुख काही औरच असतं. पण शिष्यानं शिष्यासारखं राहावं! हा कुठं पाटी रंगवायला जावा, तर त्या घरातल्या म्हातारीनं कोठीतून मैना छाप गाडी काढून त्याच्या हातात ठेवावी. कुणाकडे होडी रंगवायला जावा, तर तिथंही तेच. महिपतनं तीस वर्षं पत्रं लिहून, फोन करून, लोकांच्या हातापाया पडून जे जमवलं, ते याच्याकडे चालत यायचं. आणि त्यानं ते कसं ठेवावं? दुकानातल्या उघड्या फळीवर, तिसरी पिढी दुसरीच्या आधी, चौथी उलट्या तोंडानं. येणारी-जाणारी पोरं त्या गाड्या खाली काढून खेळायची. महिपतला ते बघवत नसे.

त्यातच अलिबागची पूनम आली. ती गावोगावच्या नादिष्ट लोकांचे व्हिडिओ करते. आधी महिपतकडे आली, पिढ्या ऐकल्या, “काका, काचेवर उजेड फार चमकतोय हो,” म्हणाली आणि दादूच्या दुकानात जाऊन दोन तास बसली. व्हिडिओत दादू हसत हसत सांगतो, “हे समदं आमच्या मिस्त्रीनं शिकवलं.” महिपतनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. आणि दर वेळी त्या वाक्याशी आलं, की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. हा आता मला मोठेपणा बहाल करणार!

माणसानं खेळण्यावरून जळावं का? जमिनीवरून भावाशी वीस वर्षं न बोलणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणतो, तेव्हा महिपतला हसायचा आपल्याला काही अधिकार नाही. त्याचा जळफळाट खरा होता. जेवताना घास अडकायचा, एवढा खरा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, दादू सायकलवरून आला. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी त्यानं महिपतच्या मांडीवर ठेवलं.

“मिस्त्री, जरा बघ. मुरुडला एका लॉजच्या माळ्यावर गावली.”

महिपतनं बनियन सोडलं आणि गाडी उलटी केली. स्टेपनी. आकडा. त्यानं आकड्यावरून बोट फिरवलं. गाडी सरळ करून त्यानं चावीला तीन पीळ दिले, तशी चाकं तळहातावर गरगरली. म्हातारबा होते, कोंबडीवाला होता, आणि शेवटच्या खिडकीत ती बाई पदर धरून बसली होती. रंग जरासा विटला होता, बाकी कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

“खरी हाय ना?” दादू पुढे वाकला. “खरीच पायजे व्हती मला.”

मला! महिपतच्या कानात तेवढाच शब्द शिरला. ज्याला फळीवर गाडी सरळ ठेवता येत नाही, त्याला पहिली पिढी पाहिजे. आता पूनम परत येणार, जग येणार, आणि आपण इथं कपाट पुसत बसणार.

“कॉपी हाय,” महिपत म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, किती सहज आलं तोंडातून. मग त्या खोट्याला टेकू लावणं भाग होतं. “ही स्टेपनी बघ. मैनाच्या गाडीला स्टेपनी कवाच नसते. लाल रंग बघ, इटकरी मारतोय. खरा लाल चकचकीत असतो. नि ही माणसं? उलटी येणारी बाई कुणी खेळण्यावर छापील काय?”

हे शेवटचं बोलताना त्याची जीभ जराशी अडखळली.

दादूचा चेहरा उतरला. “म्हंजे समदीच चुकलेली?”

“समदीच. ठेव पायजे तर इथं, मला पार्ट काढायला होईल.”

आता देतोय की मग देतोय, असं महिपतला झालं होतं. पण दादूनं गाडी पुन्हा बनियनमध्ये गुंडाळली. “नको. बघतो काय करायचं ती,” म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला.

पुढचे आठ दिवस महिपतनं काढले कसे, ते त्याचं त्याला माहीत. दोनदा तो काहीतरी निमित्त करून रेवदंड्याला गेला. दोन्ही वेळा दादूच्या दुकानाचं शटर भरदिवसा अर्धं खाली. पहिल्यांदा दादू वाकून बाहेर आला, दारातच उभा राहिला, आणि “जरा काम हाय, मिस्त्री,” म्हणून त्यानं वाटेला लावलं. तीन वर्षांत चहाशिवाय सोडलं नव्हतं त्यानं कधी. दुसऱ्यांदा तर आतूनच ओरडला, “नंतर ये!”

झालं! महिपतची खात्रीच पटली. यानं ओळखलं. कुणाला तरी विचारलं, गाडी खरी असल्याचं कळलं, आणि आता पूनमला बोलावून आत सगळं गुपचूप चाललंय. तो तासातासाला फोन उघडून नवा व्हिडिओ आला का बघू लागला. आपण खोटं बोललो याचं त्याला काही वाटत नव्हतं. खोटं बोलूनही गाडी मिळाली नाही, याचं वाटत होतं.

“कुणाचं काय बघून जळताय एवढं?” तुळसानं विचारलं.

“मी कशाला जळू?”

“मंग धूर कुठनं येतोय?” असं म्हणून ती विळी घेऊन बसली.

एक जूनला महिपतला साठ वर्षं पुरी झाली. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लावली, तशी निम्म्या वर्गाची लावली होती. तो दिवस घरात कुणी कधी साजरा केला नव्हता. सकाळी दहाच्या सुमाराला दादू आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, नखांत लाल रंग आणि हातात चपलांचा खोका.

“साठी झाली तुझी. घे.”

महिपतनं झाकण काढलं. आत बस होती. लालभडक, ओली वाटावी इतकी चकचकीत, होडीला मारतात त्या रंगाची. त्यानं ती उलटी केली. खाली काहीच नव्हतं. बोट फिरवलं, तर आकड्याची जागासुद्धा हाताला लागली नाही. दादूच्या हाताला सफाई होती.

“तू बोललास ती समदं घरी जाऊन लिवून काढलं,” दादूनं खिशातून कागदाची घडी काढली. त्यावर तीन ओळी होत्या आणि तिन्हींपुढे बरोबरच्या खुणा. “स्टेपनी काढली, भोक एमसीलनं बुजवलं. रंग पॉलिश पेपरनं पत्र्यापर्यंत घासला. तीन हात मारलेत. नि माणसं नवीन काढली. आता बघ, ह्यो पयल्या खिडकीत तू. ह्यो मी. नि मागं ती उलटीवाली व्हती ना, ती पुसून तिथं वहिनीला बशिवलंय.”

शेवटच्या खिडकीत तुळसा हसत होती. नाक जरा मोठं झालं होतं, पण तुळसाच होती.

“स्टेपनी कुठाय?” महिपतनं विचारलं.

“टाकली खाडीत. खोट्या गाडीची ठेवून काय करायची?” दादू खुर्चीत टेकला. “खरं सांगू, आणली तुझ्यासाठीच व्हती. लॉजवाला बोलला, पाटीचं काय पायजे? मी म्हनलं, ती माळ्यावरची गाडी दे, आमच्या मिस्त्रीच्या कपाटात तेवढीच न्हाय. मंग तू बोललास, खोटी हाय. आता साठीला मानसाला खोटी गाडी कशी द्यायची? म्हनून म्हनलं, निदान खऱ्यावानी तरी करू. दुकानात आलास तवा तुला हाकलला, राग नको धरू.”

महिपतनं गाडी मांडीवर ठेवली. गेल्या तीन वर्षांत या माणसाबद्दल मनात आलेलं सगळं वाईटसाईट त्याला आठवलं.

“दादू, ती खरी व्हती.”

“काय?”

“पयली पिढी. शंभर टक्के खरी. स्टेपनी असते ती तिलाच. मी खोटं बोललो तुला.”

बघता बघता दादूचे डोळे भरले.

“वहिनी, आयकलंत काय?” त्यानं आत हाक मारली. “माझी मेहनत बघून मला बरं वाटावं म्हनून ह्यो खोट्या गाडीला खरी बोलतोय! आठ दिवस मला धाकधूक, ह्याला आवडंल का न्हाय. नि ह्यो बघा, केवढं मन!”

“अरे, देवाशपथ—” महिपतच्या तोंडून निघालं. आजवर त्यानं कधी देवाची शपथ घेतली नव्हती.

“पुरे, मिस्त्री. स्टेपनी कवाच नसते, तूच शिकवलंस. आता शिकलेलं उलटं नको करू.” दादूनं डोळे पुसले, तुळसानं दिलेला चहा बशीत ओतून प्याला आणि सायकलवर टांग मारून मजेत शीळ घालत गेला.

महिपत दारातून त्याची पाठ बघत राहिला. दादूच्या गाड्यांचा हेवा त्यानं तीन वर्षं केला होता, त्याची सवय होती. आत्ता मनात आलं होतं ते वेगळंच. मित्राच्या शब्दावर आख्खी पहिली पिढी घासून टाकतो आणि खुशीत घरी जातो, त्या माणसाचाच त्याला हेवा वाटत होता.

तुळसा शेजारी येऊन उभी राहिली. तिनं गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“खरी व्हती काय वो ती?”

“व्हय.”

“मंग जावा की मागनं. सांगा त्यांना.”

“सांगितलं,” महिपत म्हणाला. “त्याला पटत न्हाय.”