मामेसासरे आणि सावलीची बातमी

सगळ्यांत भयंकर गोष्टी सगळ्यांत हळू आवाजात कोण सांगतो, अशी स्पर्धा वऱ्हाडात कधी कोणी घेतली, तर पहिला नंबर माझ्या मामेसासऱ्यांचा येईल. दुसरा-तिसरा नंबर कोणाला देता येणार नाही, कारण बाकीचे स्पर्धक त्यांचं ऐकून कधीच घरी निघून गेलेले असतील. नात्याने ते माझ्या बायकोचे मामा. अकोल्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्याची त्यांची नोकरी. नळ्या धुता धुता शास्त्र अंगात मुरत गेलं आणि निवृत्तीनंतर ते बाहेर पडू लागलं. जन्मात एक तास शिकवलेला नसला तरी सारा मोहल्ला त्यांना 'सर' म्हणतो. उंच, वाळकी अंगकाठी, आणि पापण्या इतक्या कमी लवतात की त्यांच्याशी बोलताना आपलेच डोळे चुरचुरायला लागतात. त्यात बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. नुसतं धरत नाहीत, नाडीवर बोट ठेवून धरतात. बातमी पोचली की नाही ते त्यांना आपल्या तोंडापेक्षा नाडीतून लवकर कळतं.

माझ्या लग्नात आहेर द्यायला ते स्टेजवर आले, मनगट धरलं आणि कानाशी लागून म्हणाले, "जवाईबुवा, तुमच्या अंगात जितक्या तुमच्या पेशी हायेत ना, जवळपास तितकेच दुसरे जीव राह्यतात. तुमी कधीच एकटे नसता." मला वाटलं, सासरच्या मंडळींबद्दल बोलत आहेत. मी म्हणालो, होईल सवय. या उत्तरावर ते इतके खूश झाले की मला शास्त्राची गोडी आहे असा त्यांचा समज झाला. तो गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही, आणि पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. त्याच लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या आत्याला सांगितलं की माणसाच्या पापण्यांच्या मुळाशी डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, आठ पायांचे, आणि अंधार पडला की ते चेहऱ्यावर फिरायला निघतात. आत्याने पुढचा जिलबीचा तुकडा उचलला नाही. ती आजही आरशासमोर जरा जास्त वेळ उभी असते.

मामांचं खरं ठाणं म्हणजे गुलाबरावांची पिठाची गिरणी. तिच्या बाहेरच्या भिंतीवर मामांचा काळा फळा टांगलेला आहे आणि त्यावर ते रोज सकाळी विज्ञानाची एक बातमी लिहितात. एकच. आलेली बातमी त्याच दिवशी लिहायची नाही हा त्यांचा नियम. पेपरात वाचायची, रेडिओवर ऐकायची, मोबाईलवर दोन-चार ठिकाणी ताडून पाहायची आणि तीन दिवस मुरू द्यायची. तीन दिवसांत निम्म्या बातम्या सडतात म्हणतात ते. उरलेल्यांतली एक फळ्यावर चढते. मग अकरा वाजता एक अजब प्रकार होतो. मामा तोंडी खुलासा करायला उभे राहतात आणि त्यांचा आवाज असा, की गिरणी चालू असताना त्यांचा त्यांना ऐकू येऊ नये. म्हणून गुलाबराव गिरणी बंद करतात. आमदार आला तरी हा माणूस पट्टा थांबवत नाही, पण सरांसाठी थांबवतो. घरघर थांबली की एकदम कानात दडे बसल्यासारखं होतं. हवेत पीठ तरंगत असतं, डबे घेतलेली माणसं पांढऱ्या भुवयांनी स्तब्ध उभी असतात, आणि त्या शांततेत मामा कुजबुजतात, की हजारो वर्षं बर्फात गोठून पडलेला एक किडा शास्त्रज्ञांनी ऊब देऊन पाहिली, तर हलला. मे महिन्यात, पत्र्याखाली, माझ्या अंगावर काटा आलेला आहे.

एकदा त्यांनी सांगितलं, चंद्र आपल्यापासून दूर चालला आहे, दरसाल आपली नखं वाढतात साधारण तितका. एक बाई ज्वारीचा डबा कडेवर घेऊन उभी होती. तिने विचारलं, "थांबवता येते का सर त्याले?"

"नाई."

"मंग सांगून काऊन राह्यले?"

मामांनी थोडा विचार केला. "मालूम असलेलं बरं," म्हणाले. बाईला ते पटलं नाही, पण ती नखांकडे बघत घरी गेली.

आता माझा पराक्रम. माझं अक्षर सुंदर आहे असं मला चौथीत एका बाईंनी सांगितलं होतं आणि त्यानंतर माझ्याविषयी कोणी काही चांगलं न बोलल्यामुळे मी ते फार जपून ठेवलं आहे. मे महिना उतरणीला लागला होता. मामा एका भाचीच्या साक्षगंधाला अमरावतीला गेले आणि जाताना फळा माझ्याकडे सोपवून गेले. सकाळी फोनवर त्यांनी मजकूर सांगितला. दोनच वाक्यं. पहिलं, आज दुपारी बारा वाजून एकोणीस मिनिटांनी अकोल्यात कोणाचीही सावली पडणार नाही. दुसरं, सूर्य बरोबर डोक्यावर येत असल्याने हे वर्षातून दोनदा होतं, घाबरू नये, पाच-दहा मिनिटांत सावली परत बाहेर येते.

मी आधी सूर्य काढला. पिवळ्या खडूने, किरणांसकट, गालांना थोडा गुलाबी हात मारून. मग वेलबुट्टीची चौकट. मग पहिलं वाक्य, टपोऱ्या अक्षरांत. संपलं तेव्हा फळाही संपला होता. दुसऱ्या वाक्यासाठी सूर्य पुसावा लागला असता आणि सूर्य फार छान जमला होता. तोंडी सांगू, असा विचार करून मी चहाला गेलो आणि तिथे एक ओळखीचा भेटला.

परत आलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. सारी गल्ली बाहेर उभी होती. अकोल्याच्या मे महिन्यात त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंही नसतं. इथे चाळीस-पन्नास माणसं आपापल्या दारासमोर उन्हात उभी होती आणि सगळ्यांच्या माना खाली. विजेच्या खांबाला सावली नव्हती. सायकलीची एक बारीक रेघ तेवढी चाकाखाली पडली होती. माणसं अशी दिसत होती, जशी कोणी कागदातून कापून जमिनीवर ठेवली आहेत, चिकटवायची राहिली आहेत. मग एक जण वळला आणि आत गेला. त्याच्यामागून दुसरा. कड्या लागल्याचे आवाज आले, एकामागून एक, आणि मिनिटभरात त्या पांढऱ्या उन्हात मी आणि माझा गालगुलाबी सूर्य, दोघंच उरलो. गिरणीही बंद होती.

संध्याकाळपर्यंत लोक हसायला लागले. चारच्या चहाला बाहेर आले, सावल्या लांब पडलेल्या पाहिल्या, मला यथेच्छ शिव्या दिल्या आणि प्रकरण मिटलं. गुलाबराव मात्र बाहेर आले नाहीत. गिरणीच्या आतल्या अंधारात पोत्यावर बसून होते. अंगावर पीठ, चेहऱ्यावर पीठ, पन्नाशीचा दांडगा माणूस आणि हलेना. जेवणाचा डबा तसाच. मी शेजारी बसून खरं काय ते सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर असन जवाई," ते म्हणाले. "पण माह्या बापाची गेलती. असाच उनाया होता. हिवरखेडले वावरात होता, घरी आला, म्हणे गुलाब, माही सावली कुठी गेली बे? मंग तो बाजीवर निजला. आठ दिवस राह्यला."

बापाचे आठ दिवस त्यांनी स्वतःलाही लावून घेतले होते. त्यातला एक संपत आला होता.

त्याच संध्याकाळच्या गाडीने मामा आले. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी माझी चित्रकला पाहिली. माझं मनगट धरलं. नाडी काय सांगत होती कोण जाणे. "जवाईबुवा," ते म्हणाले, "सूर्य तं काहाडला तुमी. सावली वापस आणाची राह्यली." बस, एवढंच. याहून त्यांनी मारलं असतं तर बरं.

ते आत जाऊन गुलाबरावांशेजारच्या पोत्यावर बसले. समजावलं नाही. फक्त विचारत राहिले. बाप वावरात कधी होता, कोणता महिना, दुपार की सकाळ, आभाळ होतं की ऊन. मग मोबाईल काढून बराच वेळ काही पाहिलं, कागदावर आकडे मांडले. हिवरखेड अकोल्याच्या उत्तरेला, सातपुड्याकडे. त्यामुळे इथली सावली ज्या दिवशी जाते, त्यानंतर दोन दिवसांनी तिथली जाते, हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी गुलाबरावांचं मनगट धरलं. "परवा जाऊ तुह्या वावरात. बापाले काय दिसलं, पाहून येऊ."

तिसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. गुलाबराव छत्री उघडून गिरणीबाहेर पडले आणि जमिनीकडे बघायचं नाही म्हणून डोळे मिटून माझा हात धरून चालले. मी मामांना हळूच म्हणालो, आत्ताच छत्री मिटायला लावू, सावली पडलेली दिसेल, काम होईल. मामांनी मान हलवली. "त्यानं याची वापस येईन. बापाची राह्यते."

हिवरखेडला उतरून वावरात पोचलो तेव्हा बारा वाजत होते. नांगरलेली काळी जमीन, ढेकळं, वीतभर भेगा, आणि लांब सातपुडा उन्हात थरथरत असलेला. कुठे पाखरू नाही. मामांनी एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, जमिनीत सरळ रोवली आणि गुलाबरावांना छत्री मिटायला सांगितलं. त्यांनी मिटली. डोळे उघडायला मात्र दोन मिनिटं घेतली.

सावली होती, पण जेमतेम पावलाएवढी. आम्ही बघत राहिलो आणि ती आत येऊ लागली. मला कारण तोंडपाठ होतं, तरी सांगतो, ती ज्या तऱ्हेने पायाखाली शिरत होती ते बघवत नव्हतं. पाण्याने भेगेत उतरावं तशी. तुराटीची रेघ ठिपका झाली आणि ठिपका गेला. गुलाबरावांचं मनगट मामांच्या हातात होतं आणि दुसऱ्या हाताने गुलाबरावांनी मला असं पकडलं होतं की बोटं बधिर झाली. कानात नुसती उन्हाची शीळ वाजत होती. तीन माणसं त्या काळ्या रानात उभी, आणि जमिनीवर आमची काही नोंद नाही. मीही मनात म्हणालो, आता नाही आली तर?

"हाल नको," मामा कुजबुजले. "त्यानं हे पाह्यलं."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तुराटीच्या बुडाशी, दुसऱ्या बाजूला, उगवतीकडे, एक काळा कण दिसला. मग नखाएवढी रेघ. मग गुलाबरावांच्या टाचेखालून काहीतरी बाहेर आलं आणि हळूहळू त्याला खांदे फुटले.

ते खाली बसले. हात लावून पाहिला. सावलीला लावला की मातीला, ते त्यांनाच ठाऊक.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "पाच मिनिटं थांबाले पाह्यजे होतं माह्या बापानं. त्याले कोणी सांगतलंच नाई सर."

मामांनी त्यांचं मनगट तेवढं सोडलं नाही.

परतीच्या गाडीत गुलाबराव डाव्या खिडकीशी बसले. ऊन कललं होतं. रस्त्याकडेच्या मातीवरून गाडीची सावली आमच्याबरोबर पळत होती आणि गुलाबरावांनी हात खिडकीबाहेर काढला होता, त्या सावलीत आपला हात कुठे दिसतो ते बघत. कंडक्टर दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा तो जागेवरून उठला, तेव्हा मामांनी त्याला जवळ बोलावलं, त्याचं मनगट धरलं आणि कानाशी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. कंडक्टर त्याच बाजूच्या मागच्या एका रिकाम्या खिडकीशी जाऊन बसला आणि त्यानेही बोटं बाहेर काढली.