वळायला जागा

वेल्ह्याच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे. पुण्यात एका कंपनीचा टेम्पो चालवणारा एक गडी दर शनिवारी गावी जाताना समोर थांबतो. आधी एका दमात टेम्पो वळवणार, मगच चहा. टेम्पो मागं घेणं त्याला मंजूरच नाही. बाजूला व्हायचं ते लोकांनी.

"जरा मागं घेतलास तर काय बिघडतं रे?" एकदा मी चिडलोच.

"वाटण्या झाल्या आन् भाताचं खाचर लई अरुंद झालं, शेठ. औत वळवलं की माझी बैलं भावाच्या भातात. रोजची भांडणं. शेवटी माझा हिस्सा म्या त्यालाच दिला आन् पुण्याला गेलो."

"मग?"

"आता त्याचं औत ऐसपैस वळतं."

हल्ली शनिवारी टेम्पोचा आवाज आला की दारातली पोती मीच आत ओढतो.