मामांना वाचून दाखवलेलं पत्र

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि अमरावतीला घरी आली की आम्हां नवराबायकोची मनं तपासायला घेते. ‘हे तू आत दाबून ठेवलंयस’ वगैरे. तिच्या बाबांना ते टाळणं जमतं, पेपर तोंडासमोर धरला की झालं. मला मात्र तिनं या वेळी बरोबर पकडलं.

निमित्त होतं नात्यातल्या एका लग्नाचं. माझे मामा अकोल्याहून आले होते आणि जेवताना त्यांनी आपली ठेवणीतली गोष्ट काढली. गोष्ट माझीच. मी नऊ वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिवस्याजवळ आजोळी गेलेली. मामा तेव्हा पंचविशीतले, गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलेले. त्यांनी मला शेतातल्या विहिरीत कसं फेकलं, मी ‘आई वं’ करत गटांगळ्या कशा खाल्ल्या, बाहेर काढल्यावर झिंज्या सोडून कशी बसले, हे ते हातवारे करून सांगायचे. चव्वेचाळीस वर्षांत एक लग्न त्यांनी सोडलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातही सासरच्यांसमोर सांगून झालं. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठायचे.

“आई, तू हसत नव्हतीस,” घरी आल्यावर मुलगी म्हणाली. “त्यांना पत्र लिही. पाठवायचं नाही, फक्त लिहायचं. हलकं वाटतं.”

मी गणिताची मास्तरीण. गृहपाठ दिला की पूर्ण करते. चार पानं लिहिली. हलकं काही वाटलं नाही, उलट डोकं तापलं. एवढं लिहायचं आणि कपाटात ठेवायचं? ज्याला लिहिलं त्याला पत्ताच नको? रविवारी सकाळी पत्र पर्समध्ये टाकलं आणि बडनेऱ्याहून गाडी धरली.

“फोन तरी कर आधी,” नवरा म्हणाला.

“फोन केला तर जाणारच नाही मी.”

अकोल्यात ऑटोतून उतरले तेव्हा मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. चारच दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि आम्हांला कोणी कळवलं नव्हतं.

“कोन आलं बाप्पा?”

“मी हावो, मामाजी. पत्र आनलं तुमच्यासाठी.”

“कोनाचं?”

“माहंच.”

ते हसले. “सोताचं पत्र द्याले गाडीनं आली? पन मले वाचाची मनाई हाये. तूच वाच.”

हे काही मी धरलं नव्हतं. लिहिताना ‘तुम्ही’ म्हणणं सोपं असतं, समोर बसून म्हणणं वेगळं. मामी कोथिंबीर निवडत दाराशी येऊन बसली. परत फिरायची सोय राहिली नाही. मी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तशी सुरुवात केली.

पहिल्या पानावर मामांनी दोनदा अडवलं. विहिरीजवळ आंबा नव्हता, चिंच होती. मी म्हटलं, बरं, चिंच. आणि पायऱ्या उत्तरेकडून होत्या. बरं, उत्तरेकडून. मामी म्हणाली, “वाचू द्या ना तिले!”

दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं. ‘मी म्हटलं होतं, मला फेकू नका. तुम्ही म्हणालात, आईची आण, नुसते पाय बुडव. तुमच्यावर विश्वास ठेवून मी पायरीवर आले.’

मामांनी अडवलं नाही.

“आन घेतली होती तुमी?” मामीच्या हातातली जुडी तशीच राहिली. “हे तं कधीच नाही सांगतलं.”

“हाव,” मामा म्हणाले. “घेतली होती.”

उरलेलं मी भराभरा वाचून टाकलं. ‘मला पाण्याचा राग नव्हता. वर आल्यावर सगळे हसले आणि त्यांत तुमचा आवाज सगळ्यांत मोठा होता, त्याचा होता.’ संपल्यावर चारही पानं घडी करून मांडीवर ठेवली.

मामा बोलले. “सारे पोट्टे तसेच शिकले, म्हनून फेकलं. पन तू वर येऊनच नाही राह्यली. मी उडी मारली, तं पयल्या खेपेले हातात काहीच नाही आलं. वाटलं, आता बहिनीले काय सांगू? दुसऱ्या खेपेले वेनी सापडली. वर आलो तं माहे पाय लटलट कापून राह्यले होते. लोक हसले, म्हनून मीबी हसलो. मंग तेच सांगत गेलो. आनेचा भाग तेवढा सोडून देल्ला.”

त्या दिवशी विहिरीवर घाबरलेली मी एकटीच होते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

“चुकलो बाई मी,” ते म्हणाले. “फेकलं थेबी, अन् सांगत गेलो थेबी.” आणि त्यांचा हात चष्म्याखाली गेला.

“डोयाले हात लावू नका!” मामी ओरडली.

मग मीच आतून स्वच्छ रुमाल आणला आणि त्यांचे गाल पुसले, डोळ्यांना न लावता. ते लहान मुलासारखे मान वर करून बसले. आम्हां तिघांनाही एकदम हसू फुटलं. या वेळी मी पाणी आणायला उठले नाही.

दुपारी मामीनं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला आणि मी लाज सोडून जेवले. पत्र मामांनी ठेवून घेतलं. म्हणाले, डोळा बरा झाला की सोता वाचीन.

पुढच्या लग्नात कोणीतरी आग्रह केलाच, मामाजी, विहिरीचं सांगा. “थे बंद झालं,” एवढंच म्हणून त्यांनी भात मागितला.

हल्ली ते रविवारी फोन करतात. गोष्ट गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या गोष्टीपलीकडे मला मामा ठाऊकच नव्हते. त्यांना शिवणकाम येतं, मामीचे ब्लाउज तेच शिवतात, आणि माझ्या पडद्यांची मापं त्यांनी कालच फोनवर लिहून घेतली.